सूतरंगाईचे सांडपाणी जिवाणूंकडून साफ करण्याची पद्धत: रोजच्या १००० लिटरसाठी पूर्ण मांडणी

विदर्भातल्या मोहाडी, आंधळगाव, नागभीड या पट्ट्यात कोसा (टसर रेशीम) आणि सूत विणण्याची परंपरा जुनी आहे. विणकाम टिकले तिथे रंगाईही टिकली. ती बहुतेक घरच्या अंगणात, दोन भट्ट्या आणि चार टाक्यांवर चालते. रंगाईचे पाणी उघड्या नालीने बोडीत (लहान तळ्यात) किंवा धानाच्या बांधीत गेले, तर रंग डोळ्यांना दिसतो. पण मीठ, सोडा आणि रंगाचे तुटलेले तुकडे दिसत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या: पाण्याचा रंग जाणे ही अर्धीच पायरी आहे. पुढची सगळी मांडणी उरलेल्या अर्ध्यासाठी आहे.

हिशोब रोज १० किलो सूत आणि त्याच्या जोडीला थोडा कोसा रंगवणाऱ्या घटकाचा धरला आहे. काम जास्त असेल तर टाक्या त्याच प्रमाणात वाढवा.

जिवाणू नेमके काय करतात

बाजारातले बहुतेक लाल, नारिंगी, पिवळे आणि काळे रंग अॅझो जातीचे असतात. त्यांच्या रेणूत नत्राच्या दोन अणूंमध्ये दुहेरी बंध असतो आणि रंग दिसतो तो त्या बंधामुळे. जिवाणू गूळ, खळ असे अन्न खातात तेव्हा इलेक्ट्रॉन सुटतात. ते या बंधावर गेले की बंध तुटतो आणि रंग नाहीसा होतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तोच हे इलेक्ट्रॉन आधी ओढून घेतो, म्हणून हे काम झाकलेल्या, बिनहवेच्या टाकीत करावे लागते.

बंध तुटल्यावर उरतात अॅरोमॅटिक अमाइन. ही संयुगे रंगहीन असतात, पण त्यांतली काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. बिनहवेच्या टाकीत ती फारशी मोडत नाहीत. त्यांना हवा आणि हवेत जगणारे जिवाणू लागतात. पहिल्या टाकीतून पाणी पांढरे निघाले म्हणून तिथेच थांबणारा माणूस दिसणारे विष न दिसणारे करून सोडतो. हवेची दुसरी टाकी म्हणूनच टाळता येत नाही.

सगळेच रंग या पद्धतीला सारखे वश होत नाहीत. अॅझो जातीचे रिअॅक्टिव्ह, डायरेक्ट आणि अॅसिड रंग चांगले जातात. फिरोजी रंगाच्या रेणूत तांबे असते आणि त्याची जात वेगळी, त्यामुळे तो हट्टी आहे. काही चमकदार निळे रंग अँथ्राक्विनोन जातीचे असतात, तेही सावकाश जातात. व्हॅट आणि सल्फर रंग पाण्यात विरघळत नाहीत. ते चुना-तुरटीने खाली बसवणे सोपे. मेटल कॉम्प्लेक्स रंगांतले क्रोमियम किंवा कोबाल्ट कोणताही जिवाणू नष्ट करू शकत नाही. ते गाळात साचते नाहीतर पाण्याबरोबर पुढे जाते. शक्य तिथे असे रंग वापरूच नका.

खुल्या पुडीतला, नावपत्ता नसलेला रंगही घेऊ नका. भारतात बेंझिडीनवर आधारलेल्या ४२ रंगांवर आणि १९९७ च्या अधिसूचनेने आणखी ७० अॅझो रंगांवर बंदी आहे, कारण त्यांच्या तुटण्यातून कर्करोगकारक अमाइन निघतात. जिवाणूंची टाकी नेमके हेच तोडण्याचे काम करते, त्यामुळे इथे ही बंदी दुप्पट महत्त्वाची ठरते.

सर्वात आधी पाणी वेगळे करा

रिअॅक्टिव्ह रंगाईत १० किलो सुताला साधारण २०० लिटरचे रंगपाणी लागते. त्यात लिटरमागे ६० ग्रॅम मीठ आणि २० ग्रॅम सोडा धरला, तर १२ किलो मीठ आणि ४ किलो सोडा झाला. हे सगळे धुण्याच्या ८०० लिटर पाण्यात मिसळले की लिटरला १६ ग्रॅम क्षार होतात. जिवाणू हळूहळू सवय झाल्यावर त्यात जगतील, पण मीठ जसेच्या तसे बाहेर पडेल. काळ्या जमिनीत सोडियम साचले की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

उपाय साधा आहे. लड्या रंगपाण्यातून काढल्या की त्याच टाकीवर घट्ट पिळा. नीट पिळलेले १० किलो सूत सुमारे १५ लिटर पाणी धरून ठेवते. म्हणजे पुढे धुण्यात जाते फक्त ९०० ग्रॅम मीठ आणि ३०० ग्रॅम सोडा, उरलेले सगळे १८५ लिटरच्या रंगपाण्यात राहते. हे रंगपाणी जिवाणूंकडे न पाठवता उथळ बाष्पीभवन कुंडात सुकवा. वर्षाची सरासरी दिवसाला ५ मिमी बाष्पीभवन धरली तर २०० लिटरला ४० चौरस मीटर जागा लागते. मे महिन्यात ते खूप भरभर उडते, पावसाळ्यात जवळजवळ थांबते. म्हणून कुंडावर पारदर्शक पत्र्याचे उतरते छप्पर हवे, बाजू मोकळ्या हव्यात आणि तळाला जाड प्लास्टिकचा कागद हवा. तळाशी उरणारे रंगीत मीठ पोत्यात भरून कोरड्या जागी ठेवा; ते मातीत पुरायचे नसते. घातक कचऱ्याचे सामाईक केंद्र नागपूरजवळच्या बुटीबोरीत आहे, तिथे ते पाठवा.

जिवाणूंच्या वाट्याला येते धुण्याचे, साबणाचे आणि कोशाच्या अॅसिड रंगाचे पाणी. शेवटच्या धुण्याचे जवळजवळ नितळ पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला वापरा, तेवढाच भार कमी.

ब्लीचिंगचे पाणी या वाटेवर कधीच येऊ देऊ नका. त्यातले क्लोरीन महिनाभर जोपासलेले जिवाणू एका दिवसात मारते. रंग पक्का करणारी कॅटायनिक फिक्सर आणि सॉफ्टनरही तसेच. त्यांचे पाणी वेगळ्या टाकीत घ्या आणि बाष्पीभवन कुंडात सोडा.

सामान

साठवण टाकी २००० लिटर. बिनहवेची टाकी २००० लिटर, झाकणाची, काळी. हवेची टाकी १००० लिटर. तळ निमुळता केलेला २०० लिटरचा ड्रम गाळ बसण्यासाठी. मिनिटाला ६० लिटर हवा देणारा एअर पंप आणि बारीक बुडबुड्याच्या ४ डिस्क. २५ मिमी वायरिंग पाइपाचे ३–४ सेंमी तुकडे, कांद्याच्या जाळीदार गोण्यांत भरून. पीएच कागद, १ लिटरचा मापाचा नळकांडा, थर्मामीटर. कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह आणि ठिबकचा छोटा कॉक.

पाइपाच्या तुकड्यांऐवजी नारळाचा काथ्या वापरण्याचा सल्ला बऱ्याचदा मिळतो. काथ्या स्वतःच तपकिरी रंग सोडतो आणि कालांतराने कुजून नळ्या तुंबवतो. पाइपच बरे.

बिनहवेच्या टाकीची जोडणी

पाणी वरून आत घ्या, पण दीड इंची पाइप तळापासून १५ सेंमी उंचीपर्यंत खाली न्या, म्हणजे पाणी खालून वर चढेल. बाहेर पडण्याच्या तोंडाला पाण्यात बुडालेला टी (T आकाराचा जोड) लावा, नाहीतर वरची साय पुढे वाहून जाईल. तळाला २ इंची व्हॉल्व्ह गाळ काढण्यासाठी. झाकणातून अर्धा इंची पाइप घराच्या छपराहून उंच न्या. वायू तिथून जाईल. पाइपाच्या तुकड्यांच्या गोण्या टाकीच्या मधल्या भागात रचा, तळाचा फूटभर भाग मोकळा ठेवा.

टाकी अर्धी जमिनीत गाडली तर फार बरे. जिवाणू ३० ते ३८ अंशांत चांगले चालतात. विदर्भात मे महिन्यात उन्हातली काळी टाकी त्याच्या बरीच वर जाते आणि डिसेंबरच्या थंडीत पाणी इतके गार होते की काम निम्म्यावर येते. जमीन दोन्हीकडून सांभाळते. वर कडब्याचे किंवा हिरव्या जाळीचे छप्पर करा.

पाणी सारख्या धारेने जायला हवे. साठवण टाकीतून ५ लिटरच्या बादलीत पाणी घ्या, बादलीला कूलरचा फ्लोट व्हॉल्व्ह बसवा म्हणजे पातळी कायम राहील, आणि खाली ठिबकचा कॉक लावा. दिवसाला १००० लिटर म्हणजे १ लिटरची बाटली ८५ ते ९० सेकंदांत भरली पाहिजे. रोज सकाळी घड्याळ लावून पाहा. कॉकमध्ये सुताचा तुसा अडकतोच, त्यामुळे साठवण टाकीच्या तोंडाला दोन पदरी नायलॉनची जाळी लावा.

जिवाणू कुठून आणायचे

विकतच्या पावडरीवर पैसे घालण्याआधी जवळ पाहा. जिथे वर्षानुवर्षे रंगाचे पाणी वाहिले तिथल्या नालीतल्या काळ्या गाळात हे काम करणारे जिवाणू आधीच असतात. ते त्या पाण्यात जगूनच तिथे टिकले आहेत. प्रयोगशाळेत बॅसिलस, स्यूडोमोनास, एन्टेरोकोकस, शेवानेला अशा अनेक जातींनी अॅझो रंग घालवून दाखवले आहेत, पण गावच्या टाकीत एकटी जात तग धरत नाही. मिश्र कळपच लागतो. नालीच्या गाळात रोगकारक जिवाणूही असू शकतात, म्हणून हातमोजे आणि मास्क घाला, आणि भांडी स्वयंपाकाची नकोत.

२० लिटरच्या कॅनमध्ये २ किलो काळा गाळ जाळीतून गाळून घ्या. त्यात गोबरगॅसची १ लिटर ताजी स्लरी घाला, विहिरीचे १५ लिटर पाणी घाला. नळाचे क्लोरीन घातलेले पाणी नको. गूळ १५ ग्रॅम, युरिया १ ग्रॅम, डीएपी अर्धा ग्रॅम आणि रंगाचे धुण्याचे पाणी दीड लिटर. पीएच ७ ते ७.५ करा. झाकण लावा, पण त्यातून एक बारीक नळी काढून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा, म्हणजे वायू बाहेर जाईल आणि हवा आत येणार नाही. सावलीत ठेवा.

दोन-तीन दिवसांत रंग उतरायला हवा. उतरला की वरचे अर्धे पाणी काढा आणि तेवढेच नवे पाणी घाला: तोच गूळ, तेच खत, पण रंगाचे पाणी थोडे वाढवून. असे पाच-सहा वेळा केले की निवड झालेला कळप, म्हणजे आपले विरजण, तयार होतो. मग २० लिटरचे २०० लिटर करा. प्रत्येक वेळी जुने विरजण एक दशांश पुरते.

रंग खरेच तुटला की नुसता चिकटला

ही चाचणी टाळून पुढे गेलेल्यांची पुढे फसगत होते. मेलेला गाळही रंग शोषून घेतो आणि पाणी नितळ दिसते. चार दिवसांनी गाळ भरतो आणि रंग जसाच्या तसा बाहेर येतो. तीन काचेच्या बाटल्या घ्या. पहिलीत नुसते रंगाचे पाणी, दुसरीत रंगाचे पाणी आणि २० मिनिटे उकळून गार केलेले विरजण, तिसरीत रंगाचे पाणी आणि जिवंत विरजण. तिन्हींत गूळ आणि पीएच सारखे. बाटल्या काठोकाठ भरून झाका. दोन दिवसांनी फक्त तिसरी नितळ झाली तर जिवाणू काम करत आहेत. दुसरीही तेवढीच नितळ झाली तर रंग चिकटतो आहे. खाली बसलेल्या गाळाचा रंग पाहा: राखाडी-काळा असेल तर ठीक, लाल-निळा असेल तर चिकटलेला.

मग तिसऱ्या बाटलीतले थोडे पाणी उघड्या भांड्यात तासभर ढवळा. किंचित तपकिरी झाक आली तर ती हवेत बदललेल्या अमाइनची, घाबरू नका. मूळ निळा रंग परत आला तर तो व्हॅट किंवा नीळ जातीचा होता आणि तात्पुरता फिका पडला होता.

जवळच्या महाविद्यालयात कलरीमीटर असेल तर टक्केवारी काढता येते: सुरुवातीच्या वाचनातून नंतरचे वाचन वजा करा, सुरुवातीच्या वाचनाने भागा, १०० ने गुणा. दोन्ही नमुने गाळून आणि एकाच पीएचला आणून मोजा, कारण काही रंग नुसत्या पीएचने छटा बदलतात.

पीएच आणि खुराक

साठवण टाकीत दिवसभराचे पाणी मिसळू द्या. कोशाचे आंबट पाणी आणि सुताचे सोड्याचे पाणी एकमेकांना बरेच मारतात, आम्ल वाचते. गरम पाणी आधी ४० अंशांखाली येऊ द्या.

आम्ल अंदाजाने ओतू नका. ९०० मिली पाण्यात १०० मिली बाजारी हायड्रोक्लोरिक आम्ल सावकाश घाला. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी कधीच नाही. टाकीतल्या १ लिटर पाण्यात हे पातळ आम्ल सिरिंजने मिली मिलीने घाला आणि पीएच ८ आला की थांबा. ४ मिली लागले तर १००० लिटरला ४ लिटर पातळ आम्ल. पीएच ८ पुरे, पुढचे गूळ आंबून होते. सोड्यावर आम्ल पडले की फेस उसळतो, म्हणून टाकी वरून फूटभर रिकामी हवी.

सल्फ्यूरिक आम्ल स्वस्त पडते, पण ते वापरू नका. बिनहवेच्या टाकीत सल्फेटचे हायड्रोजन सल्फाइड होते, सडक्या अंड्याच्या वासाचा प्राणघातक वायू. याच कारणाने रंगाईत ग्लॉबर सॉल्टपेक्षा (सोडियम सल्फेटपेक्षा) साधे मीठ बरे.

खुराक म्हणून १००० लिटरला अर्धा किलो गूळ, ९० ग्रॅम युरिया आणि ५० ग्रॅम डीएपी पाण्यात विरघळवून घाला. भाताची खळ काढल्याचे पाणी मिळत असेल तर गूळ निम्मा करा. कोसा उकळल्याचे पाणी प्रथिनांनी भरलेले असते, ते येत असेल त्या दिवशी युरिया बंद. गूळ जास्त झाला की काम भरभर होत नाही. टाकी आंबते, पीएच ६ च्या खाली जातो आणि सगळे थांबते.

टाकी चालू करणे

पहिल्या दिवशी २०० लिटर विरजण, ५० लिटर गाळलेली गोबरगॅस स्लरी, १५० लिटर रंगाचे धुण्याचे पाणी आणि बाकी विहिरीचे पाणी. चार दिवस तशीच राहू द्या. मग रोज १०० लिटर सोडा. बाहेर येणाऱ्या पाण्याचा रंग पाचांत चार भाग उतरलेला दिसला तरच तीन-चार दिवसांनी आणखी १०० लिटर वाढवा. १००० लिटरवर यायला पाच-सहा आठवडे लागतात. इथे घाई केली की जिवाणू धुऊन निघून जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हवेच्या टाकीत चालू सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला ४० लिटर गाळ मिळाला तर उत्तम. नाहीतर स्लरी आणि थोडा गूळ घालून १५ दिवस हवा देत राहा. १ लिटर नळकांड्यात पाणी भरून अर्धा तास ठेवा: गाळ २०० ते ३०० मिलीपर्यंत बसला तर योग्य, ४०० च्या वर गेला तर काढा. बसवणीच्या ड्रममधला २० लिटर गाळ रोज सकाळी परत टाकीत घाला.

शेवटी कर्दळीचे ४ चौरस मीटर कुंड, ६० सेंमी खोल, १०–२० मिमी खडीचे. पाणी त्यात साधारण एक दिवस राहते आणि उरलासुरला गाळ गाळला जातो.

बिघाड ओळखणे

बाहेरचे पाणी अचानक रंगीत झाले तर आधी विचारा, काल ब्लीच किंवा फिक्सर गेले का. गेले असेल तर पाणी दोन दिवस थांबवा, विरजणाचा राखून ठेवलेला कॅन टाका आणि २०० लिटरपासून पुन्हा चढा. असा एक कॅन कायम जिवंत ठेवावा, पंधरा दिवसांनी ताजा करावा.

हवेच्या टाकीत पांढरा फेस म्हणजे साबण जास्त किंवा गाळ कमी. काळे पडून वास आला तर हवा कमी पडते आहे: डिस्क बुजल्या का, हायड्रोसचे (सोडियम हायड्रोसल्फाइटचे) पाणी आले का ते पाहा, हायड्रोस सगळा प्राणवायू खाऊन टाकते. वीज सहा तास गेली तर जिवाणू तग धरतात. त्याहून जास्त गेली तर कॉक बंद करा, नाहीतर अमाइन तसेच बाहेर जातील. लग्नसराईत किंवा दिवाळीत काम बंद असेल तेव्हा दर तिसऱ्या दिवशी १०० ग्रॅम गूळ टाकत राहा.

आणि टाकीत कोणीही उतरायचे नाही. झाकण काढून तास झाला असेल तरी नाही, पडलेली वस्तू काढायलाही नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त असले की नाकाला वास येणेच बंद होते.

पाणी सोडण्याआधी

कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या मर्यादा अशा: पीएच ६.५ ते ८.५, तरंगते घन १०० मिग्रॅ, बीओडी (घाण मोडायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३०, सीओडी (तीच गरज रसायनाने मोजलेली) २५०, विरघळलेले क्षार २१०० मिग्रॅ प्रति लिटर, रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. सुरू करण्याआधीच अर्ज करा. तीन महिन्यांतून एकदा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना द्या.

घरी करण्यासारखी चाचणी मुगाची. तीन बशांत ओले फडके, प्रत्येकी २० दाणे. एकीत विहिरीचे पाणी, दुसरीत विहिरीच्याच पाण्यात तुमच्या पाण्याइतके मीठ, तिसरीत साफ केलेले पाणी. चौथ्या दिवशी मुळांची लांबी मोजा. तिसरी दुसरीच्या बरोबरीने असेल तर उरलेला दोष मिठाचा आहे, लड्या आणखी घट्ट पिळा. तिसरी दुसरीपेक्षा बरीच मागे असेल तर अमाइन उरले आहेत. धार ७०० लिटरवर आणा आणि हवा वाढवा.

साफ झालेले पाणी पहिल्या धुण्याला परत वापरणे सर्वांत चांगले. काढलेला गाळ वाळूच्या वाफ्यात पातळ थराने सुकवा, आणि वाफ्याखाली प्लास्टिक असू द्या. मेटल कॉम्प्लेक्स किंवा फिरोजी रंग कधीही वापरले असतील तर तो गाळ शेणखतात मिसळू नका. रंगीत मिठाच्या पोत्यांबरोबरच पाठवा.